हळदीच्या मांडवात ऐकू आलेला ढग

आमच्या घरात थोडक्यात बोलणं हे आजारपणाचं लक्षण समजत. कुणी दोन शब्दांत उत्तर दिलं की आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. आत्याला नुसतं विचारा, ‘बाहेर पाऊस आहे का गं?’ ती सुरुवात करणार मागच्या दारी कोंबड्या कुणी सोडल्या तिथपासून. मग कोंबडी शेजारच्या आवारात गेली, शेजारणीने काय तोंड केलं, त्यावर आत्याने काय सुनावलं, सुनावताना पायातली चप्पल चिखलात कशी रुतली, आणि चिखलावरून आपण समजून घ्यायचं की पाऊस होता. आता थांबलाय की नाही हे तिला पुन्हा विचारावं लागे, आणि तेवढी हिंमत कुणाच्यात नसे.

याला अपवाद फक्त बाबा. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. दिवसभर मशिनींच्या खडखडाटात उभं राहून त्यांना थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि बोलणं तर त्याच्याही आधी कमी झालं होतं. संध्याकाळी त्यांची सायकल आवारात शिरली की चेनचा कटकट आवाज यायचा, मग हौदावर पाण्याचा, मग पाटावर बसल्याचा. मग ‘वाढ’ एवढा एक शब्द. आई तांदळाची भाकरी वाढायची, सुकटीचं कालवण वाढायची, आणि जेवण होईपर्यंत बायका बोलत राहायच्या. बाबा ऐकतात की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही.

अशा घरातली मी विमान चालवायला शिकले. ते कसं जमलं, शिष्यवृत्तीचा कागद कुणी आणला, बदलापूर गावातल्या किती जणांनी ‘पोरीचं लगीन कोन करील?’ म्हणून बाबांना गाठलं, हे सगळं इथे सांगत बसत नाही. आत्याची भाची असले तरी इतकी वर्षं रेडिओवर काढल्याचा काही परिणाम होतोच.

कारण खरी अडचण विमानाची नव्हतीच, रेडिओची होती. विमान वळवणं, चढवणं, उतरवणं मला लवकर आलं. पण वर असताना जे दिसतं ते रेडिओवर सांगावं लागतं. ढग कुठे आहेत, वारा कसा आहे, विमानाला धक्के बसतात का, समोरचं किती लांबपर्यंत दिसतंय. खाली टॉवरमधला माणूस ते ऐकतो आणि मागून येणाऱ्यांना कळवतो. पुढच्याने बघितलेलं मागच्याच्या उपयोगी पडतं, इतका साधा हिशेब. तेव्हा आमच्या छोट्या विमानांत दुसरं काही साधन नव्हतं. डोळे आणि तोंड, बस्स.

माझ्या पहिल्याच खेपेला मी माइकचं बटण दाबलं आणि आत्या माझ्या तोंडून बोलायला लागली. डावीकडे एक ढग आहे, मघाशी तो लहान होता, आता जरा मोठा वाटतोय, पण उन्हामुळेही तसं वाटत असेल, खाली खाडीवर मात्र छान ऊन आहे, आणि मघाशी एक घार अगदी जवळून गेली. बटण दाबून ठेवलं की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही, हे मी विसरलेच होते. बटण सोडलं तेव्हा कुठल्यातरी मोठ्या विमानाच्या कॅप्टनचा शांत आवाज आला, “बाईंचं झालं असेल तर आम्ही बोलू का?”

आमचे इन्स्ट्रक्टर कॅप्टन सबनीस शेजारीच बसले होते. त्यांनी कपाळ पुसलं. “अहो, हा रेडिओ आहे. कीर्तन नाही. चार गोष्टी सांगायच्या. तुम्ही कोण, कुठे आहात, किती उंचीवर आहात, काय दिसतंय. पाचवी गोष्ट सांगितलीत तर मी इथून उडी मारीन.”

मी घरी येऊन रडले. घराने ताबडतोब सराव घ्यायचं ठरवलं. भात वाढायचा डाव हा माझा माइक, चूल म्हणजे विमानतळ, आणि आत्या टॉवर. आभाळाचे आठ भाग करून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते सांगायचं असतं, हे कळल्यावर आईने भाकरीचे आठ तुकडे करून ताटात मांडले आणि त्यातले तीन तुकडे कालवणाखाली झाकले. “बोल आता.” मी बोलायची, आत्या मला तोडायची. “कंची तू? ... कुटं हायेस? ... पुरं झालं! ठेव खाली!” स्वतः जन्मात कधी थोडक्यात न बोललेली बाई दुसऱ्याला गप्प करण्यात इतकी तरबेज असेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांत मी चार गोष्टींवर आले. कॅप्टन सबनीसांनी विचारलं, “कुठे शिकवणी लावलीत?” मी म्हटलं, “घरीच.”

या उद्योगात आणखी एक माणूस होता, परसूकाका. उल्हासनगरला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांचे जुने दोस्त. सिंधी, पण मराठी झक्क बोलायचे, म्हणजे निम्मी हिंदी घालून. एफएम रेडिओच्या पोटातली एक गुंडाळी पेचकसाने किंचित फिरवली की गाण्यांच्या पलीकडे विमानांचं बोलणं ऐकू येतं, हा शोध त्यांना लागला होता. “वनू बेटी, तू वर जा, मी खालून तुझा आवाज पकडतो. बिलकुल साफ.” मी हसून सोडून दिलं. हे कायद्यात बसत होतं की नाही हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारण्यात अर्थ नाही.

मेमध्ये माझी मोठी परीक्षा आली. एकटीने मुंबईहून पुण्याला जायचं आणि परत यायचं. तारीख लागली ती नेमकी चुलतभाऊ दिगूच्या हळदीची. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. आवारात मांडव, चारशे माणसांचं मटण, बेंजो, नाच, सगळं हळदीला. लग्न म्हणजे दुसऱ्या दिवशी दमलेल्या माणसांनी अक्षता टाकायच्या. मी येणार नाही म्हटल्यावर आत्या उंबऱ्यात उभी राहिली. “तुना विमान उरवाचं तं उरव. पन माज्या दिगूच्या हलदीला नाय आलीस तं माजं तोंड नाय बगाचं.” आणि ती खरोखर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. घर एकदम शांत झालं. बाबांनासुद्धा ते जाणवलं असावं, कारण त्या आठवड्यात ते दोनतीनदा आपण होऊन बोलले.

उड्डाण सकाळी सातचं होतं. पण विमानाचं काहीतरी बिघडलं, मेकॅनिक आला, जेवायला गेला, पुन्हा आला, आणि निघायला दुपारचे पावणेतीन झाले. मेमध्ये दुपारनंतर घाटावर ढग उभे राहतात हे आम्हाला पुस्तकात शिकवलं होतं. माझ्या आधी अर्धा तास रणजित पुण्याला गेला होता. रणजित आमच्या तुकडीतला सगळ्यांत हुशार मुलगा. काळा चष्मा, कॉलर वर, रेडिओवर आवाज असा की बातम्या द्याव्यात. घाट ओलांडताना टॉवरने त्याला हवामान विचारलं होतं आणि त्याने सांगितलं होतं, “सगळं ठीक.” कॅप्टन सबनीसांनी तेवढ्यावर मला सोडलं. “काही वेगळं दिसलं तर परत फिरायचं. शौर्य दाखवायचं नाही.”

खाडी गेली, कल्याण गेलं, उल्हासनगरचे पत्रे चमकले. अंबरनाथच्या चिमण्या दिसल्या तेव्हा बाबा आज हळदीसाठी रजेवर आहेत हे आठवलं. मग बदलापूर. नदीच्या वळणावर आमचं गाव शोधलं आणि त्यात पिवळ्या कापडाचा एक चौकोन दिसला. दिगूचा मांडव. तीन हजार फुटांवरून तो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. मला एकदम मटणाचा वास आल्यासारखा वाटला. शपथेवर सांगते, आला.

मग मी मान वर केली आणि समोर वांगणीच्या पुढे, डोंगरांच्या जागी, दुसरेच डोंगर उभे होते. काळे, आणि वाढत होते. डावीकडे बारवी धरणाचं पाणी शाईसारखं झालं होतं. ढगाच्या पोटात वीज चमकली. आवाज नाही, नुसता उजेड. पहिला विचार मनात आला तो असा, की रणजितने ‘सगळं ठीक’ म्हटलंय. तो इथूनच गेला. मी परत फिरले तर उद्या कँटीनमध्ये चहाच्या कपागणिक ऐकावं लागेल, ‘पोरगी घाबरली.’ दुसरा विचार, जरा खाली उतरून ढगाखालून जाता येईल. मी थोडी पुढे गेलेही. तेवढ्यात विमानाला खालून कुणीतरी लाथ मारावी तसा धक्का बसला. नकाशा मांडीवरून उडाला, पेन्सिल छताला लागली, आणि माझं डोकंही. दुसऱ्या धक्क्याला मी वळले. तिसरा विचार मनात आलाच नाही.

बटण दाबलं. चार गोष्टी सांगितल्या. विमानाचं नाव, वांगणीच्या पश्चिमेला, तीन हजार फूट, पुढे वादळी ढग, वीज, जोराचे धक्के, परत फिरतेय. सगळं इंग्रजीत, शिकवल्याप्रमाणे. टॉवरमधल्या माणसाने शांतपणे विचारलं, ढग कुठल्या दिशेला सरकतोय, पुन्हा सांगा. आणि नेमकं तिथे माझं इंग्रजी संपलं. अजूनही तो क्षण आठवला की कानशिलं गरम होतात. मी बटण दाबून अस्सल मराठीत बोलले, “अहो, काळंकुट्ट झालंय! बारवीच्या अंगानं येतंय, बदलापूरवर येतंय सरळ! अर्ध्या तासात धो धो कोसळणार!”

मग टॉवर म्हणाला, “समजलं. परत या.” तेही मराठीत. लगेच तो इंग्रजीत शिरला आणि माझ्या मागून येणाऱ्या दोघांना माघारी वळवलं, पुण्यालाही कळवलं.

उतरल्यावर कॅप्टन सबनीस धावपट्टीच्या कडेला उभे होते. मी खाली मान घालून गेले. परीक्षा अर्धवट, इंग्रजी अर्धवट. ते म्हणाले, “पाच गोष्टी सांगितल्यात.” त्यांनी कपाळ पुसलं. “पाचवी कामाची होती. परवा पुन्हा जा, सकाळी.” एवढंच. मी ते कौतुक होतं की खरडपट्टी होती याचा विचार करत घराकडे निघाले. घरी फोन करावा असं डोक्यातही आलं नाही. हळदीच्या घरी कोण फोनपाशी बसलेलं असणार?

संध्याकाळी सात वाजता गावात पोचले तर रस्त्यावर पाण्याचे लोट आणि आमच्या आवारात चिटपाखरू नाही. मांडवाचं पिवळं कापड भिजून पोट सुटल्यासारखं खाली लोंबत होतं. मग शाळेच्या बाजूने बेंजो ऐकू आला. गेले तर शाळेच्या लांब खोलीत अख्खं गाव, मटणाची पातेली, हळदीने पिवळाधमक दिगू, आणि मला बघताच एकच आरडाओरड. “आली! आली! विमानवाली आली!” दिगू पाटावरून उठून धावत आला आणि मला हळदीसकट मिठी मारली.

हळूहळू, आत्याच्या पद्धतीने, म्हणजे कोंबड्यांपासून सुरू होऊन, मला झालेला प्रकार कळला. परसूकाका दुपारी आपला रेडिओ घेऊन आले होते. बाबांना ऐकू यावं म्हणून त्यांनी रेडिओची तार काढली आणि मांडवाच्या लाउडस्पीकरला जोडली. बेंजोवाल्यांना थांबवलं. आणि बदलापूर गावाच्या हळदीच्या मांडवात माझा आवाज घुमायला लागला. टॉवर दूर असल्यामुळे त्याचं बोलणं इथे ऐकूच येत नव्हतं, फक्त माझं. त्यामुळे लोकांना वाटलं मी वर एकटीच बडबडतेय. आमच्या विमानाच्या नावातलं शेवटचं अक्षर पी, आणि रेडिओवर पीला ‘पापा’ म्हणतात. मी दर वाक्याला ‘पापा, पापा’ करतेय हे ऐकून आत्याने सगळ्या बायकांना समजावलं, “बापाला हाक मारतंय गो. मोठी झाली ना, बाबाचा पापा केलान.” बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

इंग्रजी कुणाला कळलं नाही. वांगणी तेवढं कळलं. पण मग मांडवात चारशे माणसांच्या डोक्यावर माझी मराठी कोसळली. बारवीच्या अंगानं येतंय, बदलापूरवर, अर्ध्या तासात. वर बघितलं तर आभाळ निळं, ऊन कडक. आचारी म्हणाला, काय पण बाई बोलते. आठ दिवस माझ्याशी न बोललेली आत्या चुलाणापुढे गेली आणि तिने आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण केलं. “उचला.”

पातेली उचलली. विटा, लाकडं, पाट, हळदीचं ताट, नवरामुलगा, सगळं शाळेत हलवलं. शेवटचं पातेलं दारातून आत जातंय तोवर पहिला थेंब पडला. पलीकडच्या गावात त्याच दिवशी आणखी एक हळद होती. त्यांचं मटण नदीत गेलं म्हणतात. त्या गावाने पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे लग्नाची तारीख ठरवण्याआधी निरोप धाडला, ‘पोरीला विचारा.’ आता मी बदलापुरातच अकराव्या मजल्यावर राहते. सोसायटीतले लोक मोबाइलवर पावसाचे टक्के बघून गच्चीवर पापड घालायचे की नाही यावर ग्रुपवर भांडतात. मला कुणी विचारत नाही. मी खिडकीतून बारवीकडे बघते आणि मुकाट्याने आपले पापड आत घेते.

रणजितबद्दल इथेच सांगून टाकते. माझा निरोप पुण्यात पोचला तेव्हा तो परत निघायला विमानात बसला होता, इंजिन सुरू होतं. त्याला थांबवलं. चार दिवसांनी त्याने मला कँटीनमागे गाठलं. चष्मा हातात होता. “मला तो ढग दिसला होता,” तो म्हणाला. “जाताना बाजूने निसटलो. फार घाबरलो होतो. पण ते रेडिओवर सगळ्यांना कळेल म्हणून मी ठीक म्हटलं.” मला राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं, याची मला खात्री नव्हती. मी म्हटलं, “सरांना सांग.” त्याने सांगितलं. सरांनी त्याला महिनाभर विमानाला हात लावू दिला नाही. पुढे तो फार चांगला वैमानिक झाला. रेडिओवर त्याच्याइतकं खरं बोलणारा माणूस मी नंतर बघितला नाही.

तर शाळेत माझी मिरवणूक चालली होती. आत्या माझ्या गालांना हळद फासत होती आणि आठ दिवसांचं साठलेलं बोलणं एकदम काढत होती. तिला मध्येच तोडून मी विचारलं, “बाबा कुठेत?”

आत्या थांबली. आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मांडवात हायेत. येतच नाय.”

मी धावत आवारात गेले. मघाशी लोंबत्या कापडाआड ते मला दिसले नव्हते. लाउडस्पीकरच्या खांबाला टेकून बाबा खुर्चीवर बसले होते, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, मांडीवर रेडिओ. शेजारी परसूकाका छत्री धरून उभे. लाउडस्पीकरमधून नुसती खरखर येत होती. विमान खाली उतरायला लागलं की डोंगरझाडांच्या आड जातं आणि आवाज तुटतो. माझा आवाज बाबांना शेवटचा ऐकू आला तो ‘कोसळणार’ या शब्दावर. मग इथे पाऊस कोसळला, वीज कडाडली, सगळे शाळेत पळाले, आणि बाबा तिथेच राहिले. तीन तास.

“किती समजावलं,” परसूकाका म्हणाले. “मी बोललो, अरे उतरली असेल आरामात. मानतच नाय.”

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पाय बघितले, हात बघितले, कपाळावरचं टेंगूळ बघितलं. “उतरलीस कवा?”

“चारच्या आतच.”

“मंग सांगाचं ना.”

“बाबा, तुम्ही ऐकताय हे मला कुठे माहीत होतं?”

त्यांनी रेडिओवरचं पाणी बाहीने पुसलं. कापडात साठलेलं पाणी खुर्चीशेजारी टपटप पडत होतं. शाळेतून बेंजो पुन्हा सुरू झाला.

“जेवलात?” मी विचारलं.

“नाय.” मग, “तू?”

“नाही.”

आई तोवर मागोमाग आलीच होती, दोन ताटं घेऊन. भाकरी गार झाली होती, मटण गरम होतं. आम्ही भिजलेल्या मांडवात बसून जेवलो, आणि जेवताना मी परवाच्या खेपेचं सांगितलं. बाबांनी रेडिओ मांडीवरून उतरवला नाही, ताट त्याच्यावरच ठेवलं. परसूकाका म्हणाले, “लाव ना यार आता एखादं गाणं, हलदीचं घर आहे,” आणि त्यांनी पेचकस काढून गुंडाळी फिरवायला हात पुढे केला.

बाबांनी रेडिओवर हात ठेवला. “र्‍हाऊ दे, परसू,” ते म्हणाले. “परवा ही परत जानार हाय.”